पक्षीकामाच्या जातीचं पिल्लू: पहिले सहा महिने, पायरी-पायरीने

लॅब्राडॉर, कॉकर स्पॅनियल, पॉइंटर, गोल्डन रिट्रीव्हर या जाती पक्ष्यांच्या शिकारीत मदतीसाठी घडवल्या गेल्या: पॉइंटर वासाने पक्षी हेरून दाखवतो, कॉकर झुडपातून उठवतो, आणि लॅब्राडॉर, गोल्डन पडलेला पक्षी शोधून, न चावता हातात आणून देतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ही पिल्लं आता शेतावरच्या घरांतही दिसतात. सहा महिने झाले की मालकांची तक्रार ठरलेली असते: चेंडू घेऊन पळतं पण देत नाही, हाक मारली की उलट्या दिशेला धावतं, कोंबडी दिसली की कानच बंद. दोष पिल्लाचा नसतो. फेकणं आधी सुरू झालेलं असतं आणि परत येणं नंतर, कारण फेकण्यात मजा असते आणि परत बोलावण्यात नसते. हा लेख त्या क्रमासाठी आहे.

सुरू करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार आपल्याकडे शिकार बंद आहे. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पाठलाग करणं, हाकणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. तितर, लाव्हे, मोर, ससा यांच्यामागे कुत्रं सोडणं हे ‘ट्रेनिंग’ म्हणून खपत नाही. इथलं सगळं काम कापडी डमीवर, म्हणजे पक्ष्याऐवजी फेकायच्या गुंडाळीवर, आणि घरच्या कोंबडीच्या पिसांवर होतं. पिल्लाला तेवढं पुरतं. त्याला पक्षी नको असतो, वास घेऊन शोधायला आणि तोंडात धरून आणायला काहीतरी हवं असतं.

आणखी एक खुलासा. कारवानी, पश्मी हे डोळ्यांनी पाहून धावणारे कुत्रे आहेत. त्यांना परत येणं, थांबणं, आवाजाची सवय हे सगळं लागू पडतं, पण डमीचा आणि वासाचा भाग त्यांच्याकडून याच गतीने होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

१. तयारी: पिल्लू घरी येण्याच्या आधी

पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यावर आणा. पाच आठवड्यांचं ‘लहानपणापासून सवय होईल’ म्हणून आणलेलं पिल्लू आई आणि भावंडांकडून चावा आवरायला शिकलेलं नसतं. ज्या कुत्र्याने पुढे मऊ तोंडाने वस्तू धरायची आहे, त्याला हे शिक्षण सगळ्यात जास्त लागतं.

जमवायच्या वस्तू:

- साधा सुती किंवा नायलॉनचा पट्टा. साखळी नको.
- दीड मीटरची हातदोरी आणि दहा मीटरची हलकी लांब दोरी. लांब दोरीच्या टोकाला फास किंवा गाठ ठेवू नका, ती पऱ्हाटीत आणि काटेरी कुंपणात अडकते.
- प्लॅस्टिकची, आत गोळी नसलेली शिट्टी. गोळीच्या शिट्टीचा सूर थुंकीने बदलतो. एकसारख्या दोन घ्या, एक हरवतेच.
- डमी क्रमांक एक: जुना सुती मोजा, त्यात कापूस भरून गाठ मारलेला, वजन साधारण १०० ग्रॅम.
- डमी क्रमांक दोन: जाड कॅनव्हासची शिवलेली गुंडाळी, १५ सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर जाड, वजन २०० ग्रॅमच्या आसपास. सहा महिने पूर्ण झाल्यावर लागेल. दोन नग करा.
- बक्षिसाचे तुकडे: उकडलेली कोंबडीची कलेजी, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करून. एका वेळच्या सरावाला वीस-पंचवीस पुरतात. कळण्याच्या किंवा ज्वारीच्या भाकरीचे वाळवलेले तुकडेही चालतात, पण नव्या गोष्टीसाठी कलेजीच.
- पिसं: घरच्या निरोगी कोंबडीची गळालेली, दोन दिवस कडक उन्हात वाळवून कागदी पिशवीत ठेवलेली.

⚠ पोल्ट्रीबाहेर किंवा उकिरड्यावर पडलेली पिसं, मेलेला पक्षी उचलून वापरू नका. देशातला बर्ड फ्लूचा पहिला मोठा प्रादुर्भाव २००६ साली नंदुरबारच्या नवापूरमध्येच सापडला होता. परिसरात कोंबड्या मरत असल्याची बातमी असेल तर पिसांचं काम पूर्ण थांबवा, मोज्यावर चालू ठेवा.

वस्तूंपेक्षा शब्द ठरवणं महत्त्वाचं. आजी ‘आठे ये’ म्हणते, मुलगा ‘कम’ म्हणतो, वडील नुसती चुटकी वाजवतात आणि पिल्लू तिघांनाही गोंगाट समजतं. सहा शब्द पुरेत: ये, बस, थांब, आण, दे, शोध. कागदावर लिहून पाण्याच्या माठाजवळ चिकटवा. अहिराणीत बोलायचं असेल तर खुशाल बोला, पण घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द वापरायचा. शिट्टीचंही ठरवून टाका: तीन-चार तुटक फुंका म्हणजे ‘ये’, एक लांब फुंक म्हणजे ‘बस’.

पिल्लाच्या नावाशी ठरलेला शब्द जुळत नाही ना तेही पाहा. ‘बेस’ नावाच्या पिल्लाला ‘बस’ शिकवणं म्हणजे स्वतःच खड्डा खणणं.

लसीकरणाची तारीख आधीच लिहून ठेवा. सहा-आठ आठवड्यांपासून पार्वो-डिस्टेंपरची लस सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत पुढचे डोस असतात. रेबीज तीन महिन्यांनंतर. जंतांचं औषध बारा आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. नेमका डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडून घ्या.

तपासणी: घरातल्या प्रत्येकाला विचारा, पिल्लाला बोलावताना काय म्हणणार? एकाचंही उत्तर वेगळं आलं तर अजून तयारी झालेली नाही.

२. पहिले दोन आठवडे घरात (वय ८ ते १० आठवडे)

या काळात डमी काढायची नाही. पिल्लाने फक्त चार गोष्टी शिकायच्या: आपलं नाव, आपली जागा, हातांची भीती नसणं, आणि जग म्हणजे काय.

नाव असं शिकवा. नाव एकदाच घ्या, पिल्लाने पाहिलं की लगेच तुकडा द्या. दिवसात तीन वेळा, प्रत्येकी पाच-सहा वेळा. नाव घेऊन रागावायचं नाही. ‘टायगर, काय केलं हे!’ असं दिवसातून दहादा ऐकलेलं पिल्लू नाव ऐकताच मान फिरवतं, आणि मग मालक म्हणतात की ऐकू कमी येतं का बघा.

रोज दोन मिनिटं तोंड उघडून दात पाहा, कान उलटे करून पाहा, पायाची बोटं एकेक विलग करा. पुढे शेतात कुसळ, सराटे, बाभळीचा काटा काढायचा आहे. त्या दिवशी पहिल्यांदा पाय धरलात तर पिल्लू चावेल आणि त्याची चूक नसेल.

आता खरी अडचण. पिल्लाचं मन नव्या गोष्टी निमूट स्वीकारतं ते वयाच्या साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत. लसी मात्र सोळा आठवड्यांना पुऱ्या होतात. म्हणून काहीजण चार महिने पिल्लाला घरातच कोंडतात आणि नंतर ते ट्रॅक्टर बघून खाटेखाली घुसतं. उपाय सोपा आहे: उचलून न्या. बैलगाडी, थ्रेशर, गुरांचा बाजार, शाळा सुटायची वेळ, फेटेवाले, बुरखेवाल्या बायका, काठी टेकत येणारे म्हातारे, हे सगळं कडेवरून किंवा टोपलीतून दाखवा. खाली ठेवायचं ते फक्त आपल्या अंगणात, जिथे भटकी कुत्री येत नाहीत. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. बसस्टँड, उकिरडा, मटणाच्या दुकानासमोरची जागा लसी पूर्ण होईपर्यंत वर्ज्य.

गुळगुळीत फरशीवर पळापळ नको. पिल्लाचे मागचे पाय घसरतात. सरावाच्या जागी गोणपाट अंथरा.

३. ‘ये’: सगळ्या कामाचा पाया (वय ९ आठवड्यांपासून पुढे कायम)

या पायरीवर घाई करणारे पुढच्या प्रत्येक पायरीवर अडतात, म्हणून इथे सविस्तर.

*पहिला आठवडा.* दोघांनी ओसरीत समोरासमोर उकिडवं बसायचं, अंतर तीन पावलं. एकाने पिल्लू हलकेच छातीशी धरायचं, दुसऱ्याने नाव घेऊन ‘ये’ म्हणायचं, एकदाच. पिल्लू सुटलं की येईपर्यंत कौतुकाचा आवाज चालू ठेवायचा, पोहोचलं की तुकडा. तुकडा देताना दुसऱ्या हाताने पट्टा धरायचा, मग द्यायचा. हा बारकावा बहुतेक जण सोडून देतात. मग पिल्लू येतं, तुकडा ओढून घेतं आणि हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहतं. एका वेळी सहा फेऱ्या, दिवसात दोनदा.

*दुसरा आठवडा.* शिट्टी जोडा. जेवणाचं ताट ठेवताना तुटक तीन फुंका मारा, मग ताट खाली ठेवा. तीन महिन्यांपर्यंत पिल्लू दिवसात तीन-चार वेळा खातं, म्हणजे कष्ट न करता रोज तीन-चार धडे होतात. आठवडाभरात पिल्लू शिट्टीवर उड्या मारत येईल.

*तिसऱ्या आठवड्यापासून.* अंगणात, मग गुरांच्या वाड्यात, मग लसी पूर्ण झाल्यावर मोकळ्या शेतात. जागा बदलली की अंतर परत कमी करायचं. अंगणात वीस पावलांवरून येणारं पिल्लू शेतात पाच पावलांपासून सुरू करा.

*चार महिन्यांपासून.* दहा मीटरची दोरी पट्ट्याला बांधून मागे लोळू द्या. पिल्लू वास घेण्यात गुंतलं असताना एकदा शिट्टी. आलं तर भरपूर कौतुक. नाही आलं तर दुसरी शिट्टी नाही. दोरीचं टोक उचला, हलका ताण द्या, स्वतः उलट्या दिशेला चालू लागा. पिल्लू मागे वळलं की परत कौतुक. दोरी मोकळ्या हाताने ओढू नका, तळहात सोलतो. जुना कापडी हातमोजा घाला.

या पायरीवर हमखास होणाऱ्या चुका:

- बोलावून बांधणं. दिवसातून एकदा हाक, आणि ती नेमकी साखळी घालायला. पिल्लाला हिशोब कळतो. दहा हाकांपैकी नऊ वेळा तुकडा देऊन परत सोडून द्या.
- बोलावून मारणं. चप्पल फाडली, हाक मारली, पिल्लू आलं, चापट दिली. शिक्षा चपलेची झाली नाही, येण्याची झाली.
- मागे धावणं. पिल्लू पळालं की त्याच्यामागे धावणं म्हणजे खेळ सुरू. उलट दिशेला पळा, नाहीतर खाली बसा. बहुतेक पिल्लं आपण होऊन येतात.
- ‘ये ये ये ये.’ पाचव्या ‘ये’वर येणाऱ्या कुत्र्याला तुम्हीच पाचवर यायला शिकवलेलं असतं.

तपासणी: अंगणात, समोर दुसरा माणूस असताना, दहापैकी आठ वेळा पहिल्या हाकेला आणि पट्टा धरू देत पिल्लू येतं का? नसेल तर डमीला हात लावू नका. पाचवी पायरी वाचायलाही घाई नको.

४. ‘बस’ आणि ‘थांब’ जेवणाच्या ताटावर (१० ते १६ आठवडे)

वेगळा वेळ काढायची गरज नाही. ताट हातात धरून पिल्लाच्या डोक्यावरून थोडं मागे न्या. डोकं वर गेलं की ढुंगण खाली टेकतं. टेकताक्षणी ‘बस’ म्हणा आणि ताट खाली ठेवा. ढुंगण हाताने दाबू नका, कोवळी कंबर आहे.

चार-पाच दिवसांनी ताट जमिनीकडे नेताना ‘थांब’. पिल्लू उठलं की ताट वर. बसलं की ताट खाली. बोलायचं नाही, ओरडायचं नाही, ताटच शिकवतं. दोन सेकंदांपासून सुरू करा, दर दोन दिवसांनी एक सेकंद वाढवा. चार महिन्यांच्या पिल्लाला दहा सेकंद भरपूर झाले. एक मिनिट बसवून व्हिडिओ काढणाऱ्यांचं पिल्लू सहा महिन्यांत कंटाळलेलं दिसतं. ‘थांब’ हा पुढे उत्साहाला घातलेला लगाम असतो, आणि आधी उत्साह तयार व्हायचा आहे.

५. डमी: बोळातली पहिली फेक (१२ आठवड्यांपासून)

मोकळ्या शेतात पहिली फेक करणं ही सगळ्यात महाग चूक. पिल्लाला चारही दिशा मोकळ्या, डमी तोंडात, आणि पळून जाण्यात मिळणारी मजा तुमच्या कलेजीपेक्षा मोठी. पहिली फेक अशा जागी करा जिथून परतीची वाट एकच असते आणि ती तुमच्यापाशी येते.

१. दोन घरांमधला बोळ किंवा ओसरीची एक बाजू निवडा. रुंदी मीटरभर, लांबी चार-पाच मीटर, एक टोक बंद. उघड्या टोकाला तुम्ही. तुमच्या मागे पिल्लाची गोधडी, म्हणजे ते डमी घेऊन आपल्या जागेकडे निघालं तरी वाटेत तुम्हीच.

२. पिल्लू भुकेलं नको, पण नुकतंच जेवलेलंही नको. जेवणानंतर किमान तासभर जाऊ द्या.

३. मोज्याची डमी पिल्लाच्या नाकासमोर दोन वेळा हलवा, आणि खालून हात फिरवून दोन मीटरवर टाका. वरून भिरकावू नका, उंच गेलेली डमी पिल्लाच्या नजरेतून सुटते.

४. या वयात त्याला धरून ठेवायचं नाही. धावू द्या. डमी तोंडात घेतली की खाली बसून तुटक शिट्टी किंवा ‘ये’. ‘आण’ हा शब्द ते आपण होऊन आणू लागल्यावर जोडा.

५. पिल्लू तुमच्यापाशी आलं की डमीला हात लावू नका. हीच पायरी सगळे चुकवतात. आधी छाती आणि खांदे चोळा, पाच-सहा सेकंद डमी तोंडात राहू द्या. त्याला कळू द्या की घेऊन येणं म्हणजे हिसकावून घेणं नव्हे. मग हनुवटीखाली तळहात धरून ‘दे’ म्हणा. तोंड सैल पडलं की डमी हातात घ्या.

६. तुकडा लगेच दाखवू नका. तुकडा दिसला की पिल्लू दोन पावलं आधीच डमी थुंकतं. डमी घेतली, कौतुक केलं, पाच सेकंद गेले, मग वाटलं तर तुकडा. बऱ्याच पिल्लांना तुकडा लागतच नाही.

७. तीन फेका. चौथी नाही. आठवड्यात तीन-चार दिवस. पिल्लू ‘आणखी एक’ म्हणून बघत असतानाच डमी खिशात जायला हवी. सरावाची डमी खेळायला घरात पडू देऊ नका, नाहीतर तिची किंमत चपलेएवढीच राहते.

⚠ दोरी-ओढ हा खेळ या जातींच्या पिल्लांशी खेळू नका. ओढताना पिल्लू घट्ट चावायला शिकतं, आणि एकदा तोंड कडक झालं की मऊ करणं फार जिकिरीचं असतं. पोरांनाही सांगून ठेवा. लाकडाचा तुकडा, दगड, रिकामी बाटली फेकणंही त्याच कारणासाठी बंद.

*दात येण्याचा काळ.* चार ते सहा महिन्यांत २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे येतात. हिरड्या सुजतात, डमीवर रक्ताचे ठिपके दिसतात. तेव्हा दोन-तीन आठवडे डमी बंद. दुखऱ्या तोंडाने डमी उचललेलं पिल्लू तिला टाळू लागतं, किंवा चावून चावून चोथा करतं. या सुट्टीत पायरी तीन आणि सहामधला कलेजीच्या तुकड्यांचा भाग चालू ठेवा.

*पाच महिन्यांनंतर.* आता थोडं आवरणं. छातीखाली हात घालून पिल्लू धरा, डमी टाका, ती जमिनीवर पडून हलायची थांबली की ‘आण’ म्हणून सोडा. आणि दर दुसरी डमी तुम्ही स्वतः चालत जाऊन उचला, पिल्लू बसलेलं असताना. फेकलेली प्रत्येक वस्तू आपली नसते, हे पिल्लाला कळण्याचा दुसरा मार्ग आम्हाला माहीत नाही.

काय बिघडलं आणि का:

*डमी घेऊन लांब उभं राहतं.* तुम्ही मागे धावलात किंवा हिसकावलीत. बोळात परत या, आठवडाभर फक्त धरून ठेवण्याचं कौतुक करा, घेऊच नका.

*अर्ध्या वाटेत टाकतं.* फेका जास्त झाल्या किंवा तुकडा आधी दिसला. दिवसाला एकच फेक, तुकडा बंद.

*जातच नाही.* उन्हाने थकलं आहे, दात दुखतायत, किंवा डमी जड आहे. रागावण्याआधी तिन्ही तपासा.

६. नाक: ‘शोध’ (१४ आठवड्यांपासून)

काठीला दोरी आणि दोरीला पंख बांधून पिल्लासमोर नाचवण्याची एक हौस आहे. पॉइंटरचं पिल्लू त्यावर पाय उचलून ताठ उभं राहतं, फोटो छान येतो. एखाद्या वेळी दोन मिनिटं ठीक. रोज केलं तर पिल्लू डोळ्यांनी शोधायला शिकतं आणि नाक बाजूला पडतं, आणि या जातींना ठेवायचं कारणच नाक आहे.

वारा पाहायला कापसाचा तंतू पुरतो, तो खान्देशात कुठेही सापडेल. हातातून सोडा, जिकडे जाईल तिकडे वारा वाहतो. पिल्लाला वाऱ्याच्या समोरून शोधायला लावायचं, म्हणजे वास त्याच्याकडे येतो.

- पहिले दोन आठवडे: गुडघ्याखालच्या गवतात, दहा पावलांच्या चौकोनात कलेजीचे पाच-सहा तुकडे विखुरलेले. पिल्लू आत सोडून ‘शोध’. तुम्ही बोट दाखवू नका, पिल्लू तुमचा हात वाचायला शिकेल.
- नंतर: डमीला चार-पाच पिसं रबराने घट्ट बांधा. त्याच चौकोनात ठेवा, पिल्लाला ठेवताना दिसू द्या. तीन दिवसांनी न दाखवता ठेवा.
- पाच महिन्यांनंतर: माग. डमीला दोरी बांधून पंधरा पावलं सरळ फरपटत न्या. एकट्याने ओढली तर पिल्लू तुमच्या पायाच्या वासावर चालतं. दोघांनी लांब दोरीची दोन टोकं धरून, डमी मध्ये ठेवून ओढली की मागावर फक्त डमीचाच वास राहतो.

वेळ सकाळची. गार, किंचित ओल्या हवेत वास जमिनीलगत टिकतो. दुपारच्या कोरड्या उन्हात तो विरतो, आणि जीभ काढून धापा टाकणारं पिल्लू तोंडाने श्वास घेत असल्याने नीट वास घेऊ शकत नाही. दुपारी ‘नाकच नाही याला’ म्हणणाऱ्यांनी तोच प्रयोग पहाटे करावा.

७. आवाजाची सवय

फटाके फोडून ‘भीती मोडणं’ हा प्रकार पिल्लू कायमचं बिघडवतो. क्रम असा ठेवा: पिल्लू जेवत असताना शेजारच्या खोलीत, पंधरा पावलांवर, ताटावर चमचा. दचकलं नाही तर दुसऱ्या दिवशी तेरा पावलं. आठवड्याने पितळी ताट जमिनीवर, परत पंधरा पावलांपासून. मग फुगवलेली कागदी पिशवी, अंगणाच्या टोकाला, पन्नास पावलांवर. एका दिवशी एकच आवाज.

खाणं थांबलं, कान मागे गेले, शेपूट पोटाखाली गेली, यातलं एकही दिसलं तर अंतर दुप्पट करा आणि तीन दिवस तिथेच थांबा. दिवाळी, पोळ्याची मिरवणूक, लग्नातला डीजे हे सरावाचे प्रसंग नव्हेत. त्या रात्री पिल्लू आतल्या खोलीत, दार लावून, पंखा चालू, कोणीतरी सोबत.

८. पाणी

पाणी कोमट आणि काठ उतरता हवा. पांझरा किंवा गिरणेच्या पात्रात पावसाळा सरल्यावर वाळूचा उथळ काठ मिळतो, तो उत्तम. तुम्ही आधी घोट्याएवढ्या पाण्यात उतरा, पिल्लू मागून येऊ द्या. तीन-चार भेटींत पोटाला पाणी लागेपर्यंतच. डमी पाण्यात टाकायची ती पिल्लू आपण होऊन चार हात पोहू लागल्यावर, आणि मीटरभरच.

उचलून पाण्यात फेकू नका. एकदा फेकलेलं पिल्लू वर्षभर काठावर भुंकत बसतं.

⚠ शेततळं, पाट आणि विहीर इथे कधीच नाही. शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद ओला झाला की नखं रोवत नाहीत. चांगलं पोहणारं कुत्रंही काठावर चढू न शकल्याने दमून बुडतं. पक्क्या पाटाचं तेच. शेतात शेततळं असेल तर जाड दोराला गाठी मारून किंवा जुने टायर बांधून चारही बाजूंनी पाण्यापर्यंत सोडून ठेवा. बिनकठड्याच्या विहिरीजवळ पिल्लू दोरीवरच.

९. शेतात नेताना

*ऊन.* मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. मार्चपासून जूनच्या पावसापर्यंत सराव सकाळी सातच्या आत आणि रात्री साडेसातनंतर. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर पिल्लाचे पायही टेकवणार नाहीत. जीभ रुंद होऊन लोंबणं, लाळ घट्ट होणं, हिरड्या गडद लाल, चाल डगमगणं ही उष्माघाताची खूण. लगेच सावली, अंगावर साधं पाणी, वारा, आणि डॉक्टर. मडक्यातलं पाणी प्यायला द्या, पण बळजबरीने ओतू नका.

*हाडं.* वर्षभर तरी हाडांची टोकं कोवळी असतात. मोटरसायकलमागे पळवणं, बांधावरून उड्या, गाडीतून खाली उडी, सगळं बंद. पिल्लू थकायच्या आधी सराव संपला पाहिजे.

*औषधं.* फवारणी झालेल्या कपाशीत किंवा केळीत पिल्लू नको. उंदरांसाठी ठेवलेलं विष कुठे आहे ते सालदाराला विचारून घ्या, त्याला माहीत असतं आणि मालकाला नसतं.

*अंग तपासणी.* घरी आल्यावर पाच मिनिटं: कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल किंवा जळती काडी लावू नका. गोचीड-ताप इथे नेहमीचा आहे. पिल्लू मलूल, जेवत नाही, हिरड्या फिक्या असं दिसलं तर दोन दिवस वाट पाहू नका. डोकं एका बाजूला कलतं ठेवून सारखं झटकत असेल तर कानात कुसळ गेलेलं असू शकतं. ते घरी काढायचा प्रयत्न नको.

*कोंबड्या, बकऱ्या.* रोज हातदोरीवर त्यांच्या शेजारून न्या. पिल्लाने कोंबडीवरून नजर काढून तुमच्याकडे पाहिलं की तुकडा. दोरी सोडायची ती पाच महिन्यांनंतर, सलग पंधरा दिवस ताण आला नाही तर. मेलेली कोंबडी गळ्यात बांधण्याचा जुना इलाज करू नका, पिल्लाला त्यातून एवढंच कळतं की कोंबडीला छान वास येतो.

*जमिनीवरची घरटी.* टिटवी आणि तितर जमिनीवर अंडी घालतात. उन्हाळ्यात टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की अंडी जवळ आहेत. पिल्लू दोरीवर घ्या आणि त्या पट्टीतून बाहेर पडा.

१०. सहा महिने पूर्ण झाले: चार चाचण्या

सकाळी, रिकाम्या शेतात, लांब दोरी लावून:

१. तीस पावलांवर वास घेत असताना एका शिट्टीत परत येतं आणि पट्टा धरू देतं.

२. डमी पडेपर्यंत हाताच्या हलक्या आधाराने थांबतं.

३. गवतातली न दाखवलेली डमी दोन मिनिटांत शोधतं आणि हनुवटीखालच्या हातात देतं. डमीवर दाताची भोकं नाहीत.

४. शंभर पावलांवर कागदी पिशवी फुटली तर मान वर करतं आणि कामाला लागतं.

चारही जमलं तर कॅनव्हासची डमी, लांब अंतर आणि दोन डमींचं काम सुरू करता येईल. पहिल्या चाचणीत अडलं तर बाकीच्या तीन घेऊच नका, दोरी घेऊन पायरी तीन. तिसरीत दाताची भोकं दिसली तर दहा दिवस फेक बंद, डमी फक्त बोळात, तोंडात धरून चार पावलं तुमच्यासोबत चालायला. आणि घरात दोरी-ओढ कोण खेळतंय ते आधी शोधा.